परग्रहावरचा बुद्धिमान प्राणी: आधी ग्रहाचे आकडे, मग हातपाय

घनमूळ (धागाकर्ता)

परग्रहवासी म्हटले की मोठे डोके, काडीसारखे हात आणि बदामी डोळे. कंटाळा आला की लोक त्याला आणखी दोन हात चिकटवतात किंवा रंग बदलतात. या धाग्यात उलट्या बाजूने जाऊ. एक खरा ग्रह घ्यायचा, त्याचे मोजलेले आकडे घ्यायचे आणि त्यांतून शरीर कसे निघते ते पाहायचे. अट एकच. कुठल्याही अवयवाला "का?" विचारले की उत्तर गणितात किंवा पृथ्वीवरच्या एखाद्या प्राण्यात (जीवाश्म चालेल) दाखवता आले पाहिजे.

सुरुवातीला तीन आकडे पुरतात: ग्रहाचे वस्तुमान, त्रिज्या आणि ताऱ्याचे तापमान. मी एलएचएस ११४० बी हा ग्रह घेतो. अंतर सुमारे ४९ प्रकाशवर्षे, वस्तुमान पृथ्वीच्या ५.६ पट, त्रिज्या १.७३ पट, तारा लाल बटू (सूर्यापेक्षा लहान आणि थंड), तापमान ३१०० केल्विनच्या आसपास, वर्ष २४.७ दिवसांचे.

गुरुत्व: ५.६ भागिले १.७३ चा वर्ग, म्हणजे १.८७. पृथ्वीवर ६० किलोचा काटा दाखवणारा प्राणी तिथे ११२ दाखवेल.

हाडे: लांबी दुप्पट केली तर वजन आठपट वाढते, हाडाचा छेद मात्र चौपटच. हे गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवले आहे. म्हणून हाडांवरचा ताण पृथ्वीइतकाच ठेवायचा असेल तर दोन वाटा: आकार तोच ठेवून हाडांचा व्यास १.३७ पट करा (१.८७ चे वर्गमूळ), किंवा प्रमाण तेच ठेवून अख्खा प्राणी १.८७ ने लहान करा. ३ मीटर उंचीचा हत्ती १.६ मीटरवर येतो.

पडणे: १.६ मीटरवरून डोके आपटले तर पृथ्वीवर वेग सेकंदाला ५.६ मीटर, तिथे ७.७. दोन पायांवर तोल सांभाळत चालणे तिथे जिवावरचे काम.

रक्तदाब: आपला मेंदू हृदयाच्या साधारण ३० सेंटिमीटर वर. तेवढे रक्त वर चढवायला पृथ्वीवर पाऱ्याचे २३ मिलिमीटर खर्च होतात, तिथे ४४. म्हणून डोके हृदयाच्या पातळीवर. उंच मान बाद.

माझा पहिला आराखडा: बुटका, रुंद, सहा पायांचा, ३०-४० किलोचा. पुढचे दोन पाय हातासारखे. डोके पुढे, पण खाली. फाडा आता.

पिंपळपान

मस्त. वाचतोय. डोके पुढेच का पण? पोटात ठेवले असते तर सुरक्षित राहिले असते की.

घनमूळ

पिंपळपान, जो प्राणी एका दिशेने चालतो त्याचे पुढचे टोक नव्या गोष्टीला आधी भिडते. तोंड, नाक, डोळे तिथे जमतात आणि त्यांचा हिशेब ठेवणारा मेंदूही जवळच लागतो, कारण मज्जातंतू काही वीजवाहक तार नाहीत. आपल्यातला सगळ्यात वेगवान तंतू सेकंदाला १२० मीटरच्या आसपास जातो, आवरण नसलेला जेमतेम एक-दोन मीटर. डोळ्यापासून दीड मीटर लांब पोटात मेंदू ठेवला आणि तंतू साधे असले तर शिकारी दिसल्याची बातमी पोचायला एक सेकंद. तेवढ्यात कारभार आटोपतो.

माकूल

घनमूळ, गणित चोख आहे, पण तुमचा सहा पायांचा उभा कुठे राहणार? या ग्रहाची घनता पाहता त्याच्या वस्तुमानाचा ९ ते १९ टक्के भाग पाणी असावे, असा २०२४ चा अंदाज आहे. पृथ्वीवरचे सगळे समुद्र मिळून पृथ्वीच्या वस्तुमानाच्या ०.०२३ टक्के भरतात, आणि तेवढ्यात सत्तर टक्के पृष्ठभाग झाकला गेला. तिथे जमीन नावाची गोष्ट नसणार. एक बाजू कायम ताऱ्याकडे असेल, तर बहुतेक ग्रह बर्फाने झाकलेला आणि ताऱ्याखाली मधोमध वितळलेला गोल समुद्र, बुबुळासारखा.

त्याहून मोठी अडचण तळाशी आहे. शून्य अंशाच्या जवळपास पाण्यावर ०.६३ गिगापास्कलचा दाब आला की ते पुन्हा गोठते, आणि हा बर्फ पाण्यापेक्षा जड असतो, तळाशीच बसतो. तिथल्या गुरुत्वाने हा दाब ३०-३२ किलोमीटर खोलीवर येतो. म्हणजे समुद्राचा तळ बर्फाचा. दगड त्याच्याही खाली शेकडो किलोमीटर. नद्या नाहीत, त्यामुळे खडक झिजून पाण्यात येणारे फॉस्फरस आणि लोह नाही. बर्फाच्या थरातून क्षार हळूहळू वर येऊ शकतात असा एक विचार आहे, पण तो पुरवठा ठिबकच.

तुमच्या प्राण्याला पाय देण्याआधी त्याच्या जेवणाचे पाहा.

घनमूळ

मान्य. पाय परत घेतो. मग पोहणारा बांधू?

शेजारतारा

त्याआधी डोळ्यांचे बोलू, कारण "लाल बटूभोवतीचे प्राणी अवरक्त (तांबड्यापलीकडचा प्रकाश) पाहतील" हे वाक्य जो तो फेकतो. ३१०० केल्विनच्या ताऱ्याचा प्रकाश ९३५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त (२८९८ ला तापमानाने भागा, उत्तर मायक्रोमीटरमध्ये येते). पण जास्त प्रकाश तिथे, म्हणून डोळाही तिथेच, असे होत नाही. आड येणाऱ्या गोष्टी दोन.

पहिली, पाणी. ९७० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा पाण्यात सव्वादोन सेंटिमीटरनंतर जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. आपल्या बुबुळापासून पडद्यापर्यंतचे अंतर २४ मिलिमीटर, आणि आत सगळे पाणीच. म्हणजे माणसाएवढा डोळा स्वतःच्याच पोटात दोन तृतीयांश उजेड गिळून बसेल. पोहणाऱ्या प्राण्याचा प्रश्नच मिटला, दोन हातांवरचे दिसणार नाही.

दुसरी, ऊब. तरंगलांबी वाढली की प्रकाशकणाची ऊर्जा कमी. इतक्या थोड्या ऊर्जेने चाळवणारे रंगद्रव्य शरीराच्या उष्णतेनेही अधूनमधून आपोआप चाळवते आणि अंधारातही उजेडाचे खोटे ठिपके दिसतात. गरम रक्ताच्या प्राण्याला हे फार महाग. म्हणून माझ्या मते तिथले डोळे ६०० ते ८०० नॅनोमीटरवर रेंगाळतील. आपल्याला गडद तांबडे वाटणारे जग, त्यातच त्यांचे सगळे रंग. डोळा लहान ठेवला तर पाण्याचा तोटा कमी होतो पण बारीक दिसत नाही, कारण लांब तरंगाला त्याच बारकाव्यासाठी मोठी बाहुली लागते. दोन्हीकडून कात्री.

माकूल

पोहणाऱ्यावर येतो. माझ्या आयडीवरून (माकूल म्हणजे ऑक्टोपसचा भाऊबंद) अंदाज आला असेलच.

ऑक्टोपस हा परग्रहवासीयाचा सगळ्यात जवळचा नमुना म्हणतात ते खरे आहे. त्याचा आपला सामाईक पूर्वज ५० कोटी वर्षांहून जुना, एखादा किरकोळ अळीसारखा जीव. तरी दोन्हीकडे कॅमेऱ्यासारखा डोळा स्वतंत्रपणे तयार झाला. त्याच्या डोळ्याला अंधबिंदू नाही, कारण तंतू पडद्याच्या मागून निघतात. चेतापेशी सुमारे ५० कोटी, त्यांतल्या दोन तृतीयांश हातांत. हात स्वतःपुरते निर्णय घेतो. डोके सांगते "त्या फटीत बघ", बाकी कसे वाकायचे, काय पकडायचे ते हाताचे हात जाणे. हृदये तीन, रक्त निळे, कारण प्राणवायू वाहणारे प्रथिन तांब्याचे.

मग तो शहरे का बांधत नाही? बुद्धी कमी पडत नाही, आयुष्य कमी पडते. साधा ऑक्टोपस एक-दोन वर्षे जगतो. मादी अंड्यांवर बसते, खाणे सोडते, पिल्ले निघेपर्यंत मरते. शिकलेले सगळे तिच्याबरोबर जाते आणि पुढची पिढी पाटी कोरी घेऊन सुरू होते. गंमत म्हणजे हा मृत्यू एका ग्रंथीच्या हाती आहे. १९७७ च्या प्रयोगात डोळ्यांमागची ती ग्रंथी काढल्यावर माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि बऱ्याच जास्त जगल्या. आणि एकलकोंडेपणही सक्तीचे नाही. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा एक मोठा पट्टेरी ऑक्टोपस जवळजवळ वस्ती करून राहतो, त्याची मादी एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालते.

तर माझा आराखडा: तीच रचना, फक्त ग्रंथीचे वेळापत्रक बदललेले, आयुष्य ४० वर्षे, आजी जिवंत असताना नातू शिकतो आहे.

रानकेतकी

"हाताचे हात जाणे" ला दाद!

आजीचा मुद्दा महत्त्वाचा. ओर्का देवमाशांत हे आत्ता, इथे चालू आहे. माद्या प्रजनन थांबल्यावरही कित्येक दशके जगतात आणि कळपाला अन्नाकडे नेतात. प्रत्येक कुळाची आवाजाची बोली वेगळी, शिकारीची पद्धत वेगळी. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पात काही ओर्का सीलच्या पिल्लांसाठी मुद्दाम किनाऱ्यावर चढतात आणि लहानग्यांना हे शिकायला काही वर्षे लागतात. हात नाहीत, आग नाही, तरी संस्कृती आहे. "बुद्धिमान" याचा अर्थ आपण "रेडिओ बनवणारा" असा का धरतोय?

गवंडी

धरतोय, कारण नाहीतर तो आपल्याला सापडणार नाही. पण ते राहू द्या. माकूल, तुमच्या चाळिशीच्या ऑक्टोपसचे बिल काढतो.

माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के आणि खातो २० टक्के. ताशी सुमारे ३ लिटर प्राणवायू, म्हणजे ४ ग्रॅम. हवेच्या एका लिटरमध्ये २८० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. फुप्फुसाने त्यातला पाव भाग घेतला तरी मेंदूपुरती साठेक लिटर हवा तासाला पुरते. कोमट समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ७-८ मिलिग्रॅम. कल्ले ८० टक्के काढून घेतात असे उदार मनाने धरले तरी ६०० लिटरच्या वर पाणी लागेल, नुसत्या मेंदूसाठी, दर तासाला. म्हणजे सहाशे किलो वजन ढकलायचे. पृथ्वीच्या समुद्रातले मोठे मेंदू पाहा, डॉल्फिन, ओर्का, स्पर्म व्हेल. एकही कल्ल्यांनी श्वास घेत नाही. सगळे जमिनीवरून परत पाण्यात गेलेले, फुप्फुस घेऊन.

माकूल

हिशेब कोमट पाण्याचा आणि गरम मेंदूचा आहे. थंड समुद्रात लिटरला ११ मिलिग्रॅमपर्यंत मिळते आणि थंड रक्ताच्या मेंदूला खर्चही पुष्कळ कमी. शिवाय प्रत्येकाला माणसाएवढा मेंदू कशाला? रेव्हन या मोठ्या कावळ्याचा मेंदू १५ ग्रॅमच्या आसपास, आणि अक्कल मोठ्या वानरांच्या तोडीची. पक्ष्यांच्या मेंदूत पेशी दाट असतात. २०१६ च्या मोजणीत तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूपेक्षा दुपटीच्या आसपास निघाल्या. उलट हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी, माणसाच्या तिप्पट, पण त्यांतल्या २५१ अब्ज लहान मेंदूत, विचाराच्या भागात साडेपाच अब्जच. मोठ्या डोक्याचे ते बदामी चित्र इथेच गळून पडते.

तरी कल्ल्याचा मुद्दा अर्धा मान्य. संथ विचार करणारा प्राणी होईल तो.

गवंडी

आणि धातूचे काय? पाण्यात आग नाही. तांबे वितळायला १०८५ अंश लागतात, त्यासाठी कोळसा आणि भाता. समुद्रतळाच्या गरम झऱ्यांचे पाणी ४०० अंशांच्या आसपास थांबते. कोणी म्हणेल, शुद्ध तांब्याचा गोळा सापडला तर गारच ठोकू. ठोका. दोन-चार फेऱ्यांत ते कडक होते आणि कडेला तडकते. पुन्हा मऊ करायला तापवावेच लागते, कुठल्याही तांबटाला विचारा. म्हणजे पाण्याखाली पत्र्याची पहिली वाटीसुद्धा अवघड. शिंपले, हाड, दगड, दोर, विणकाम, शेती, प्राणी पाळणे, हे सगळे होईल. काच, चाकाचा लोखंडी आस, तार, भिंग, नाही.

आणि एलएचएसवरच राहायचे असेल तर आभाळही बंद. सुटकेचा वेग (ग्रहाच्या ओढीतून कायमचे निसटायला लागणारा) पृथ्वीच्या १.८ पट, सेकंदाला २० किलोमीटर. हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाचा झोत सेकंदाला ४.४ किलोमीटर वेगाचा. पृथ्वीभोवती कक्षेत जायला नुकसान धरून ९.४ लागतात, म्हणजे उड्डाणाचे वजन कोरड्या (इंधनाशिवायच्या) वजनाच्या साडेआठपट. तिथे १७ च्या जवळपास लागतील आणि ते गुणोत्तर ४६ वर जाते. टप्पे पाडून सैद्धांतिक जमेल, पण पैसे कोण देणार?

पिंपळपान

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). दोन बाळबोध प्रश्न: महाकाय कीटक का नाहीत? आणि सिलिकॉनचे प्राणी?

घनमूळ

कीटक नळ्यांतून श्वास घेतात, हवा थेट पेशीपर्यंत. नळी लांबली की आतल्या टोकाला प्राणवायू पोचत नाही. ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू ३० टक्क्यांच्या आसपास होता तेव्हा चतुरासारखे कीटक पंख पसरून ६५-७० सेंटिमीटर झाले, त्यापुढे नाही. दुसरी अडचण कात. बाहेरचा सांगाडा टाकल्यावर नवा कडक होईपर्यंत प्राणी लिबलिबीत असतो. पाण्यात ते चालते, जमिनीवर मोठे शरीर स्वतःच्याच भाराने बसते. आजचा जमिनीवरचा सगळ्यात मोठा संधिपाद (कीटक-खेकड्यांच्या गटातला) नारळ-खेकडा, चारेक किलो.

सिलिकॉन: कार्बन जळला की वायू होतो, उच्छ्वासातून बाहेर. सिलिकॉन जळला की वाळू होते. जो प्राणी श्वासागणिक वाळू सोडतो त्याचे पुढचे तुम्हीच सांगा. शिवाय त्याच्या लांब साखळ्या पाण्यात टिकत नाहीत.

मोहोळ

एकेक शरीर घेऊनच का बोलताय सगळे? प्राणी म्हणजे थवा असू शकतो. युरोपियन मधमाशीचा मेंदू सुमारे १० लाख पेशींचा, आणि तरी दहा हजार माश्यांचा थवा नवे घर निवडतो तेव्हा जे घडते ते पाहण्यासारखे आहे. काहीशे शोधकरी माश्या बाहेर जातात. ढोली सापडली की परत येऊन थव्याच्या अंगावरच नाचतात, जागा जितकी चांगली तितक्या जास्त फेऱ्या. प्रत्येक माशीचा उत्साह दर खेपेला आपोआप उतरतो, त्यामुळे वाईट जागेचा प्रचार विझत जातो. दुसऱ्या जागेच्या माश्या येऊन नाचणारीला डोक्याने ढुशी देतात आणि बारीक पिप् आवाज करून थांबवतात. एखाद्या जागी एकाच वेळी वीस-तीस माश्या जमल्या की ठरले. मग त्या परतून बाकीच्यांना पंखांचे स्नायू तापवायला लावतात आणि अख्खा थवा उडतो. राणीला कोणी विचारत नाही. हा एक मेंदूच आहे, पेशींना पंख असलेला.

रानकेतकी

मोहोळ, वर्णन सुरेख. पण वेळ पाहा: हा एक निर्णय काही तासांपासून दोन-तीन दिवस घेतो. आणि उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत संपते. माकूलच्या ऑक्टोपसचीच अडचण पुन्हा. थव्याला शहाणपण साठवायला माश्यांच्या बाहेर जागा हवी. पोळ्याच्या मेणात काही कोरून ठेवणारी जात असेल तर बोलू.

मोहोळ

मेणात कोरणारी. घेतली, वहीत नोंद.

शेजारतारा

आता जमीन असू शकेल असा ग्रह घेऊ या. ट्रॅपिस्ट-१ ई. अंतर ४० प्रकाशवर्षे, वस्तुमान ०.६९, त्रिज्या ०.९२, म्हणजे गुरुत्व ०.८२. वर्ष ६.१ दिवसांचे. तारा २५६६ केल्विन, फार बारीक, पण इतका जवळ की आकाशात आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, २.२ अंश. याच कुटुंबातल्या बी आणि सी या ग्रहांवर जाड हवा नाही असे जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये दाखवले. ई वर हवा आहे असे धरून पुढे जातो.

एक बाजू कायम उजेडात. राहण्याजोगी पट्टी संधिप्रकाशाची धरली, दोन्हीकडे १०-१० अंश, तर ती सुमारे २,००० किलोमीटर रुंद आणि ३६,८०० किलोमीटर लांब कडे होते. अख्खे जग म्हणजे एक अंगठी. तारा जागचा हलत नाही, तुम्ही हललात तर हलतो: उजेडाकडे १०२ किलोमीटर चाललात की तो एक अंश वर येतो. क्षितिजाला टेकलेली कड दिसण्यापासून पूर्ण बिंब वर येईपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर. तिथे सूर्योदय पाहायचा तर पायपीट.

दिवसरात्र नाही, मग काळ कशाने मोजतील? शेजारी ग्रहांनी. डी आणि एफ हे दोन्ही ई च्या जवळ येतात तेव्हा आपल्या चंद्राएवढे दिसतात. डी दर १२ दिवसांनी, एफ दर १८ दिवसांनी. दोन्हींचा मेळ ३६ दिवसांनी. पंचांग आयतेच.

गवंडी

दुरुस्ती: डी आतला ग्रह आहे. तो सगळ्यात जवळ येतो तेव्हा ताऱ्याच्या दिशेलाच असतो, म्हणजे काळी बाजू आपल्याकडे. अमावस्येचा चंद्र. एफ जवळ येतो तेव्हा पूर्ण उजळलेला, पण विरुद्ध दिशेला, अंधाराच्या बाजूच्या क्षितिजावर. तुमच्या अंगठीवरून दोन्ही कडेकडेनेच दिसणार, आणि तेही आभाळ निरभ्र असेल तर.

वाऱ्याचेही घ्या. उजेडाच्या मध्यावर हवा तापून वर जाते, जमिनीलगत थंड वारा अंधाराकडून येत राहतो. कायम एकाच दिशेने. चुलीचा जाळ कायम उजेडाकडे कलणार, भट्टीचे तोंड अंधाराकडे ठेवले की भाताच नको.

शेजारतारा

पंचांगाची दुरुस्ती मान्य. भट्टी झकास!

रानकेतकी

झाडे: उजेड हलत नसल्याने पाने उभी, सगळी एकाच दिशेला तोंड करून. रंग काळपट, कारण आपल्या पानांना चालणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरचा उजेड तिथे फार थोडा. मिळेल ते गिळावे लागणार. पृथ्वीवरही काही निळे-हिरवे जिवाणू २०१० मध्ये सापडलेल्या एका वेगळ्या हरितद्रव्यावर ७५० नॅनोमीटरपर्यंत काम करतात. आणि प्राणवायूचे मोजमाप सांभाळा. १६ टक्क्यांच्या खाली लाकूड नीट पेटत नाही, फार वाढला तर ओले रानही पेटते.

प्राण्याची एक बाजू उजेडाची आणि एक अंधाराची असेल असे कोणी सुचवण्याआधी सांगते: नाही. झाड जागचे हलत नाही म्हणून ते एकांगी होते. प्राण्याला परतही यायचे असते. पृथ्वीवर एकांगी झालेला डोळस प्राणी म्हणजे भाकससारखा चपटा मासा, पण तो मोठेपणी बराच वेळ एका कुशीवर पडून असतो.

पिंपळपान

बोटे पाचच ना?

माकूल

अजिबात गरज नाही. पाण्यातून वर आलेल्या आपल्या पूर्वजांच्या काळात अकॅन्थोस्टेगाला एका पायाला आठ बोटे होती, इक्थिओस्टेगाला मागच्या पायाला सात. पाच हा नंतर टिकलेला योगायोग. मात्र एकमेकांसमोर येणारी निदान दोन टोके हवीत, चिमट्याला. आणि हाड हवे. सोंड किंवा ऑक्टोपसचा हात पकडायला छान, पण दगड जोरात फेकायला तरफ लागते.

अर्धविराम

एवढा खटाटोप कशाला? जे कोणी भेटतील ती यंत्रेच असतील. जीव जाऊन यंत्र उरते.

गवंडी

असतील. पण यंत्र बांधणारे पहिले बोट कोणाचे तरी लागेलच, धागा त्याचा आहे. आणि दिसण्याची काळजी सोडा. ४० प्रकाशवर्षांवरचा एक मीटरचा प्राणी नुसता एक ठिपका म्हणून वेगळा दिसायला सुमारे १९ कोटी किलोमीटर व्यासाची दुर्बीण लागेल, पृथ्वी-सूर्य अंतराहून मोठी. आवाज मात्र येऊ शकतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्यांना समोरच्याला किती बोटे आहेत याने काही फरक पडत नाही.

घनमूळ

ट्रॅपिस्ट-१ ई साठी सुधारित आराखडा, वरच्या सगळ्यांच्या टाळक्यातून:

वजन ५०-६० किलो (काटा ४५ च्या आसपास दाखवेल). पाय चार, हात दोन. हाताला चार बोटे, दोन-दोन समोरासमोर. फुप्फुस. मेंदू पक्ष्यांसारखा दाट, अर्धा किलोच्या आत, डोके लहान. मुख्य डोळे दोन, मोठे, गडद तांबड्यात तरबेज, आणि अपारदर्शक जाड पापणी, कारण हा तारा अधूनमधून भडकतो. डोक्यामागे वाऱ्याला समजणारी केसांची पट्टी. आयुष्य ५० च्या पुढे, आजी सक्तीची. भाषेत डावे-उजवे नसेल, उजेडाकडे-अंधाराकडे आणि कड्याच्या दोन दिशा असतील. अंक आठाच्या पटीत.

रानकेतकी

चार पाय आणि दोन हात, म्हणजे सहा अवयव. ते पाण्यातून वर येताना सहा पर होते हे धरावे लागेल. हरकत नाही. पण पापणी चालणार नाही. भडका किती वेळ टिकतो? काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत. तेवढा वेळ आंधळे राहायचे? त्यापेक्षा पापणी अर्धपारदर्शक ठेवा, अतिनील अडवणारी. पाण्याखाली पाहायला बीव्हरला तशी आरपार दिसणारी पापणी असतेच.

घनमूळ

घेतली. आता भडक्यात त्या पापणीआडून त्याला चुलीचा विस्तव दिसेल का, हे गणित शेजारताऱ्याकडे.

शेजारतारा

दिसेल. विस्तव १००० ते १२०० केल्विनचा, त्याचा बहुतेक प्रकाश तांबड्यापलीकडचा. पापणीने फक्त ४०० नॅनोमीटरच्या खालचे अडवले तर विस्तवाचे काहीच बिघडत नाही. उलट त्यांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त मंद निखारा दिसेल, राखेखालचा.